ट्रॅप कॅमेरा : निवड, मांडणी आणि पुराव्याची विश्वासार्हता

जंगलवाटेवर झाडाला बांधून ठेवलेला आणि समोरून प्राणी जाताच आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा म्हणजे ट्रॅप कॅमेरा. अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी त्याचा प्रसार झाला. आजही त्याची मोठी बाजारपेठ तेथील शिकाऱ्यांचीच आहे. मात्र तेथेही त्यावर वाद आहेत. शिकारीसाठी असे कॅमेरे वापरण्यास ॲरिझोना राज्याने जानेवारी २०२२ पासून बंदी घातली. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकार हाच गुन्हा असल्याने येथे या यंत्राचे काम गणना, संशोधन, गस्त आणि शेती-बागायतीच्या राखणीपुरते मर्यादित आहे.

पूर्वपीठिका

प्राण्याने स्वतःच आपले छायाचित्र काढावे ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज शायरस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोरीच्या साहाय्याने रात्रीची छायाचित्रे घेतली. भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात शिवालिकच्या जंगलांत याच रीतीने वाघ टिपले. पुढे डॉ. उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधण्याची पद्धत रुजवली. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रे मिळाली. त्यांतील वाघांची छायाचित्रे केवळ ७६,६५१ होती.

गोव्याच्या संदर्भात महत्त्व

म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव ही गोव्याची अभयारण्ये सह्याद्रीच्या एकसंध पट्ट्यात येतात. पलीकडे खानापूर तालुक्यातील भीमगड आणि उत्तरेला तिळारीचे खोरे आहे. प्राण्यांना राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. त्यामुळे येथे वाघ 'निवासी' की 'पाहुणा' हा वाद वर्षानुवर्षे चालला आहे. बोलीभाषेत बिबट्यालाही वाघ म्हटले जाते आणि पट्टेरी वाघ वेगळा सांगावा लागतो. म्हणून केवळ ऐकीव माहितीवर हा वाद मिटत नाही. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली परिसरात चार वाघ मृतावस्थेत सापडले, तेव्हा या प्रश्नाचे गांभीर्य सर्वांसमोर आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

अशा वादात छायाचित्राला पुराव्याचे मोल येते. मात्र छायाचित्र नसणे हाही पुरावा मानला जातो, हे अनेकदा विसरले जाते. कॅमेरा आठवडाभर बंद पडलेला असेल आणि ते कोणाच्या लक्षात आले नसेल, तर यंत्राचे मौन जंगलाचे मौन ठरते. म्हणून विश्वासार्ह कॅमेरा म्हणजे केवळ सुंदर चित्र देणारा कॅमेरा नव्हे. ज्याच्या रिकाम्या कार्डावरही विश्वास ठेवता येतो, तो खरा विश्वासार्ह कॅमेरा.

निवडीचे निकष

*संवेदक :* बहुतेक कॅमेऱ्यांतील अवरक्त संवेदक पार्श्वभूमी आणि प्राण्याचे शरीर यांच्या तापमानातील फरक, तसेच त्याची हालचाल टिपतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी खडक व जमीन तापून हा फरक घटतो आणि समोरून गेलेला गवाही नोंदला न जाण्याचा संभव असतो. त्यामुळे संवेदनशीलता कमी-अधिक करता येणारा कॅमेरा घ्यावा.

*प्रतिसादाचा वेळ :* हालचाल जाणवल्यापासून छायाचित्र निघेपर्यंतचा काळ अर्ध्या सेकंदाहून कमी असावा. तो अधिक असल्यास चौकटीत केवळ शेपूट उरते. पहिल्या छायाचित्रानंतर पुन्हा सज्ज होण्यास लागणारा वेळही तितकाच महत्त्वाचा आहे. वाघिणीमागून येणारे बछडे नोंदले जातात की नाही, हे त्यावर ठरते.

*प्रकाशझोत :* पांढऱ्या झोतात पट्टे स्पष्ट दिसतात, पण त्यामुळे प्राणी बिचकू शकतो आणि चोरालाही कॅमेऱ्याची जागा कळते. ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त दिव्यांचा पल्ला चांगला असतो, मात्र त्यांची तांबूस चमक दिसते. ९४० नॅनोमीटरचे दिवे जवळजवळ अदृश्य असतात, परंतु त्यांचा पल्ला कमी आणि चित्र भुरकट असते. वाघ ओळखायचा असेल तर पहिला प्रकार आणि बागेत फिरणारा प्राणी कोणता एवढेच पाहायचे असेल तर तिसरा प्रकार योग्य.

*मेगापिक्सेल :* जाहिरातींतील मोठे आकडे बहुधा संगणकीय प्रक्रियेने फुगवलेले असतात. प्रत्यक्ष संवेदकाची क्षमता त्याहून बरीच कमी असते. आकड्यापेक्षा रात्रीचे नमुना छायाचित्र पाहून निर्णय घ्यावा.

*पावसापासून संरक्षण :* वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात हा निकष निर्णायक आहे. आयपी ६६ वा त्याहून वरचा दर्जा, झाकणाची सलग रबरी कड आणि घट्ट बसणारी कडी पाहून घ्यावी. आत सिलिका जेलची पुडी ठेवून ती वेळोवेळी बदलावी. मुंग्या फटींतून आत घरटे करतात, म्हणून प्रत्येक फेरीत कॅमेरा उघडून स्वच्छ करावा.

*बॅटरी व मेमरी कार्ड :* साध्या अल्कलाइन सेलचा दाब हळूहळू उतरतो. दिवसाची छायाचित्रे मिळत राहतात आणि रात्रीची मात्र काळवंडतात. लिथियम सेल महाग असले तरी अखेरपर्यंत एकसारखा दाब देतात. पुनर्भारित सेल १.२ व्होल्टचे असल्याने ते त्या कॅमेऱ्याला चालतात का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. नवे आणि जुने सेल एकत्र घालू नयेत. नामांकित कंपनीचे कार्ड घेऊन ते संगणकाऐवजी त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे.

*मोबाइलला जोडलेले कॅमेरे :* हे कॅमेरे छायाचित्र तत्काळ पाठवतात. गस्तीसाठी ते उपयुक्त आहेत, मात्र घाटातील दऱ्यांत नेटवर्क नसेल तर त्यांचा जादा खर्च वाया जातो.

मांडणी

वाघ-बिबट्यांसाठी कॅमेरा जमिनीपासून सुमारे ४० ते ४५ सेंटीमीटर उंचीवर आणि वाटेपासून तीन-चार मीटर अंतरावर बांधतात. वाघाच्या दोन्ही बाजूंचे पट्टे वेगळे असल्याने वाटेच्या दोन बाजूंना कॅमेऱ्यांची जोडी लागते. त्यांचे झोत एकमेकांच्या भिंगावर पडू नयेत म्हणून ते किंचित तिरके ठेवावेत. भिंगाचे तोंड थेट पूर्वेला वा पश्चिमेला नसावे. समोरचे हलणारे गवत बाजूला करावे, अन्यथा कार्ड रिकाम्या चित्रांनी भरते.

नोंदींची शिस्त

सेल बदलल्यावर काही कॅमेऱ्यांचे घड्याळ मूळ तारखेवर जाते. चुकीच्या तारखेचे छायाचित्र पुरावा म्हणून टिकत नाही. त्यामुळे कॅमेरा लावताना आणि काढताना ठिकाणाचा क्रमांक व तारीख लिहिलेली पाटी हाती धरून समोरून चालत जावे. काढतानाचे छायाचित्र मिळाले तर यंत्र अखेरपर्यंत चालू होते, हे सिद्ध होते. वेळ ठरवून छायाचित्र घेण्याची सोय असल्यास रोज दुपारी बाराला एक छायाचित्र निघेल अशी योजना करावी. ज्या दिवसाचे ते चित्र नाही, तो दिवस गणनेतून वगळावा. दहा ठिकाणी तीस रात्री म्हणजे तीनशे कॅमेरा-रात्री. त्यांपैकी प्रत्यक्ष चालू असलेल्या किती, हा आकडा निष्कर्षासोबत दिला पाहिजे. तो नसेल तर 'प्राणी आढळला नाही' या वाक्याला अर्थ उरत नाही.

कायदा आणि सौजन्य

अभयारण्यात प्रवेशासाठी आणि छायाचित्रणासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी आवश्यक आहे. स्वतःच्या कुळागरात वा काजूबागेत कॅमेरा लावता येतो, मात्र त्यात दिसलेल्या प्राण्याला फासकी, विष वा बंदुकीने मारणे गुन्हाच ठरते. जळण, मध वा पाणी आणायला जाणारी माणसेही कॅमेऱ्यात येतात. त्यांची, विशेषतः स्त्रियांची, छायाचित्रे पसरवू नयेत. कॅमेरे लावण्यापूर्वी गावकऱ्यांना कल्पना द्यावी. दुर्मीळ प्राण्याचे छायाचित्र प्रसिद्ध करताना नेमके ठिकाण आणि अक्षांश-रेखांश गाळावेत, कारण तीच माहिती शिकाऱ्याच्याही उपयोगाची असते.