शंकरपट: बंदी, कायदा आणि बैलाचं मत

कुत्र्यांची अ‍ॅजिलिटी स्पर्धा कधी पाहिलीय? यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत. कुत्रा अडथळ्यांवरून उड्या मारतो, बोगद्यातून निघतो, रांगेत रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी पळतो आणि मालक शेजारून धावत नुसते हातवारे करतो. हा खेळ तसा नवाच. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात मधल्या वेळेत प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी तो घोड्यांच्या शो जंपिंगवरून बेतला.

आता आमच्या जालना जिल्ह्यात कुत्र्यांसाठी एवढा उद्योग कोण करणार! माणूस आणि जनावर जोडीने उतरतात असा आपला खेळ म्हणजे बैलांचा. पुण्याकडे बैलगाडा शर्यत, आणि आमच्याकडे, विदर्भाला खेटून असलेल्या भोकरदन-जाफ्राबाद भागात, शंकरपट. फरक नुसता नावाचा नाही. पुणे जिल्ह्यातल्या घाटात गाड्यावर माणूसच नसतो, पुढे घोडी पळते. शंकरपटात हलक्या गाडीवर धुरकरी असतो, कासरा त्याच्या हातात. जोडीने अंतर किती सेकंदात कापलं यावर सगळा खेळ.

या खेळाचा गेल्या काही वर्षांचा इतिहास मात्र मैदानापेक्षा कोर्टातच जास्त घडला. मुळात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्यातल्या कलम २२ खाली केंद्र सरकार ठरवतं की कुठल्या प्राण्यांचे खेळ करायचे नाहीत. वाघ, सिंह, अस्वल, माकड या यादीत ११ जुलै २०११ ला वळूची भर पडली. मग ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने जलिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या. कोर्टाचं म्हणणं असं, की बैलाचं शरीर घोड्यासारखं पळण्यासाठी बनलेलं नाही.

जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना बीचवर तरुणांचं मोठं आंदोलन झालं आणि तामिळनाडूने स्वतःचा कायदा केला. पाठोपाठ त्याच वर्षी महाराष्ट्रानेही केला. पण ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने ब्रेक लावला. पुढे १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे कायदे वैध ठरवले. म्हणजे २०१४ ते २०२१, तब्बल सात वर्षं! या काळात ज्यांनी पळाऊ बैल सांभाळले त्यांनी ते कोणत्या आशेवर सांभाळले असतील? नांगराला ट्रॅक्टर आला, शर्यत बंद, मग दावणीला बांधलेल्या बैलाचा खर्च निघणार कुठून? शौकिनांचा हा मुद्दा मला खोटा वाटत नाही.

पण दुसरी बाजू पण आहे ना. शेपटी पिरगाळणं, पराणी टोचणं, विजेचा झटका देणं हे प्रकार कोर्टात उगाच आले नव्हते. आता कलेक्टरची परवानगी लागते, अंतर १००० मीटरच्या आत ठेवावं लागतं, चाबूक-काठीला बंदी आहे. कागदावर सगळं चोख. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो तसं, स्पेसिफिकेशन उत्तम, टेस्टिंग कोण करणार?

इथे मला अ‍ॅजिलिटीचा एक नियम फार आवडतो. कुत्र्याला पट्टा नाही, मालकाने हात लावायचा नाही. कुत्रा अडथळ्यापाशी येऊन अडला, तर त्याला 'रिफ्यूजल' म्हणतात. असं तीनदा झालं की जोडी बाद. म्हणजे 'मला नाही जायचं' हे जनावराचं उत्तर तिथे रीतसर मोजलं जातं आणि त्याची किंमत मालकालाही मोजावी लागते. कुत्रा ऐकत नाही याचा अर्थ तयारी कमी पडली, बस्स.

जुवाला जुंपलेल्या बैलाला ही सोय नाही, हे मान्य. पण अडलेल्या जोडीला हात लावला की बाद, असा नियम पटावर कडक पाळता येणार नाही का? जो धुरकरी नुसत्या आवाजावर जोडी पळवतो त्याचं कौतुक आजही गावात होतंच. मग बक्षीसही त्यालाच मिळू दे की! असं झालं तर शंकरपट टिकवण्यासाठी पुढच्या वेळी कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही, असं आपलं मला वाटतं.