औषधप्रदान (परिचर्याशास्त्र)

औषधप्रदान : डॉक्टरने लेखी विहित केलेले औषध नेमक्या मात्रेत व नेमक्या मार्गाने रुग्णाच्या शरीरात पोहोचविणे, आणि त्यानंतर दिसणाऱ्या इष्टानिष्ट परिणामांवर नजर ठेवून त्यांची नोंद करणे, हे परिचारिकेच्या नित्यकर्मांपैकी सर्वांत जोखमीचे कर्म होय. औषध लिहिणाऱ्याची चूक ते काढून देणाऱ्याच्या ध्यानात येऊ शकते व दोघांचीही चूक परिचारिकेच्या नजरेस पडू शकते. परंतु तिच्यानंतर साखळीत कोणीच नसल्यामुळे तिची हयगय थेट रुग्णाच्या रक्तात उतरते. म्हणून केवळ हुकुमाची तामिली करणे पुरेसे नसून, औषधिक्रियाविज्ञानाची मूलतत्त्वे तिला अवगत असणे अगत्याचे आहे.

शोषण, वितरण, चयापचय व उत्सर्जन या औषधाच्या शरीरांतर्गत प्रवासाच्या चार अवस्था होत. गिळलेली गोळी आतड्यांतून शोषली गेल्यावर सर्व शरीरात पसरण्यापूर्वी यकृतातून जाते, आणि काही औषधांचा मोठा अंश तेथेच नष्ट होतो. हृदयशूळावरील ग्लिसरिल ट्रायनायट्रेटाची गोळी गिळावयास न देता जिभेखाली ठेवावयास सांगतात त्याचे कारण हेच. रक्तातील औषधाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या कालास अर्धायुकाल म्हणतात. मूत्रपिंडे निकोप असता डिजॉक्सिनाचा अर्धायुकाल सुमारे दीड दिवसाचा असतो आणि ती दुबळी झाली की तो कितीतरी लांबतो, त्यामुळे एरवी मामुली वाटणारी रोजची गोळी वृद्ध रुग्णाच्या शरीरात साचत जाऊन विषवत होऊ शकते. हे औषध ज्या वनस्पतिवर्गातून मिळते त्यातील फॉक्सग्लव्हचे गुण सांगणारा ग्रंथ विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात गुणांबरोबरच ओकाऱ्या, मंदावलेली नाडी व पिवळी-हिरवी दिसणारी दृष्टी ही विषलक्षणेही त्याने प्रांजळपणे नमूद केली होती. आजही प्रौढ रुग्णास डिजॉक्सिन देण्यापूर्वी छातीवर स्टेथस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजण्याची व ते ६० च्या खाली असल्यास गोळी थांबवून डॉक्टरास कळविण्याची शिस्त पाळली जाते. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची सवय येथे कामाची नाही, कारण अनियमित ठोके त्या हिशेबात सापडत नाहीत.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ ही पंचसूत्री प्रत्येक विद्यार्थिनीस मुखोद्गत असते; खरी परीक्षा तिच्या अंमलबजावणीत होते. “आपणच शांताबाई ना?” या प्रश्नास गुंगीतला किंवा कानाने मंद असलेला रुग्ण सरसहा “हो” म्हणतो, यास्तव “आपले पूर्ण नाव सांगा” असे विचारून ते केस पेपराशी व नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहावे. खाटेच्या क्रमांकावर विसंबू नये. वॉर्डात खाटा बदलतात. औषधाची चिठ्ठी कपाटातून काढताना, मात्रा घेताना व बाटली परत ठेवताना अशी तीनदा वाचावी.

मात्रेच्या चुकांत इन्शुलिनाइतका फसवा प्रकार दुसरा नाही. भारतात बाटलीतून मिळणारे इन्शुलिन बहुधा १ मिलिलिटरमध्ये ४० एकके या तीव्रतेचे असते व त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज येते; १०० एककांच्या इन्शुलिनासाठी नारिंगी टोपणाची वेगळी. आता १०० एककांचे इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर डोळ्यांना २० दिसत असूनही आत अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० एकके जातात, आणि रुग्णाची साखर जीवघेणी खाली येऊ शकते. उलट अदलाबदल झाल्यास २० ऐवजी ८ एककेच मिळून साखर चढती राहते. म्हणून बाटलीवरील आकडा व सिरिंजवरील आकडा एकच असल्याची खातरजमा करावी आणि भरलेली मात्रा दुसऱ्या सिस्टरला दाखवूनच टोचावी. एककासाठी लिहिलेले रोमन ‘यू’ घाईच्या अक्षरात शून्यासारखे दिसून ४ चे ४० होतात. सबब ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहिण्याचा आग्रह परिचारिकेने धरावा, मग लिहिणारा कितीही वरिष्ठ असो.

पोटॅशियम क्लोराइडाच्या १० मिलिलिटरच्या अॅम्प्यूलमध्ये दीड ग्रॅम, म्हणजे सुमारे २० मिलिइक्विव्हॅलंट, क्षार असतो. हे द्रव पाण्यासारखेच वर्णहीन दिसते आणि विरल न करता थेट शिरेत दिल्यास हृदयक्रिया बंद पाडते. ते सलाईनमध्ये मिसळून, तळाशी साचू नये म्हणून बाटली अनेकदा उलटसुलट करून, साधारण वॉर्डात तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या आत राहील अशा मंद गतीनेच सोडावे लागते. रुग्णास लघवी पुरेशी होते की नाही, हेही आधी पाहावे लागते. इंजेक्शनासाठीच्या शुद्ध पाण्याच्या खणात हे अॅम्प्यूल ठेवणारा वॉर्ड दुर्घटनेची तजवीजच करून ठेवतो, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

तोंडी हुकूम आणीबाणीपुरताच ग्राह्य मानावा, तो ऐकताच मोठ्याने परत म्हणून दाखवावा व मागाहून लिहून घ्यावा. मॉर्फिनासारखी औषधे १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याखाली येतात, त्यामुळे ती कुलूपबंद कपाटात ठेवून त्यांचा स्वतंत्र हिशेब राखतात. औषध दिल्यावरच सही करावी, आधी नव्हे. रुग्णाने नाकारलेली मात्राही कारणासह नोंदवावी. अनपेक्षित पुरळ, श्वासावरोध वा अन्य दुष्परिणाम आढळल्यास रुग्णाची व्यवस्था लावून त्याची खबर २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाकडे द्यावयाची असते. त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात असून, हा अर्ज डॉक्टरप्रमाणेच परिचारिकेलाही स्वतःच्या सहीने भरता येतो.