डायनोसॉर चित्रपट-प्रतिकृती : मर्यादित आवृत्त्यांचा संग्रह

डायनोसॉरविषयक चित्रपटांवर आधारित, हातपाय हलणाऱ्या आणि ठरावीक नगांत किंवा ठरावीक प्रसंगी विकल्या जाणाऱ्या प्रतिकृती जमविण्याचा छंद. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) चित्रपटासाठी केनर या अमेरिकन कंपनीने काढलेली खेळणी या छंदाचा पाया मानली जातात. पुढे अशी खेळणी काढण्याचे हक्क हॅस्ब्रो या कंपनीकडे व २०१८ पासून मॅटेल या कंपनीकडे आले. मॅटेलची ‘हॅमंड कलेक्शन’ ही २०२२ मध्ये सुरू झालेली मालिका थेट प्रौढ संग्राहकांसाठी होती.

वेष्टनावरचा ‘मर्यादित’ हा शिक्का म्हणजेच दुर्मिळता, असा समज आढळतो. केनरचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. या कंपनीचे डायनोसॉर मुलांना खेळता यावे म्हणून भरपूर प्रमाणात निघाले. काहींच्या कुशीवरचा तुकडा काढला की आतली जखम दिसे. हे सुटे तुकडे व सोबतची पत्रके हरवत गेली, खोकी फेकली गेली. म्हणून आज सर्व भागांसह टिकलेला नग मोलाचा ठरतो. येथे दुर्मिळता कारखान्याने ठरविली नाही, वापराने घडविली. क्रमांकित आवृत्त्यांनाही चढे भाव मिळतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्या पहिल्या दिवसापासून जपूनच ठेवल्या जात असल्याने त्यांची संख्या फारशी घटत नाही आणि भाव मुख्यतः मागणीवर तगतो. त्यामुळे संग्राहकाने घोषित संख्येपेक्षा नगाची पूर्णता, रंगाची स्थिती व अस्सलपणा आधी तपासणे अधिक सयुक्तिक ठरते.