हृदय, स्नायू आणि आपले खाणे-चालणे

सडपातळ माणसाला मधुमेह किंवा हृदयविकार होत नाही, हा समज आपल्या घरांतून अजून गेलेला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने त्याला धक्का दिला. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र आले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाटा चरबी आणि स्नायू यांतला फरक सांगत नाही.

स्नायूंना एवढे महत्त्व का? जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. एरवी त्यासाठी इन्सुलिन लागते. पण चालताना, जिना चढताना राबणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही साखर आत घेतो. हा परिणाम साधारण एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून रविवारी एकदम खूप चालण्यापेक्षा रोज थोडे चाललेले बरे.

हृदय हाही स्नायूच, फक्त त्याला सुट्टी नाही. निरोगी हृदय निम्म्याहून अधिक ऊर्जा स्निग्धांशापासून मिळवते आणि गरजेप्रमाणे साखरही वापरते. मधुमेहात ही अदलाबदल नीट होत नाही. नियमित व्यायामाने ती सुधारण्यास मदत होते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवते. फ्रीगंजातल्या आपल्या मंडळींनी रोजच्या फिरण्याला सूर्यनमस्कार किंवा बैठकांची जोड द्यावी. रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे टॉवरपर्यंत फेरी मारावी.

माळव्यात राहून पोहे-जिलबी आणि तुपात बुडवलेले बाफले सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. पण जिलबी आणि बाफले सणावारी असू द्यावेत. पोह्यांवर शेवेऐवजी मोड आलेली मटकी घालावी, रोज वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण घ्यावे. स्नायूंना प्रथिने लागतात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवावे.

घरातल्या प्रत्येकाने कंबरेचा घेर मोजावा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास, वजन कमी असले तरी, रक्तातील साखर तपासून घ्यावी. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.