परसातील कोंबडीपालन (महाड–पोलादपूर)

परसातील कोंबडीपालन, महाड–पोलादपूर : रायगड जिल्ह्याच्या आतल्या डोंगरी भागात, सावित्री व गांधारी नद्यांच्या खोऱ्यांत, गुरे, शेळ्या, कुत्रा आणि मांजर यांच्या सोबतीने घराभोवती मोजक्या गावठी कोंबड्या सांभाळण्याची रीत. घरटी पाच-दहा पक्षी, फार तर एखादा कोंबडा. मुंबईला चाकरीसाठी गेलेल्या पुरुषांमागे गोठा आणि खुराडे दोन्ही बायकांनीच सांभाळले. अंड्यांचे पैसेही बहुधा त्यांच्याच हाती राहिले. २०१९च्या पशुगणनेत देशातील परसातल्या कोंबड्या ३१ कोटींच्या वर भरल्या आणि आधीच्या गणनेपेक्षा त्यांत सुमारे ४६ टक्के वाढ दिसली. हा प्रकार मागे पडत चालल्याचे जे बोलले जाते, त्याला या आकड्यांचा आधार नाही.

संगोपनाचे बहुतेक नियम एका गोष्टीतून निघतात : दिवसा सगळी जनावरे एका अंगणात वावरली तर चालते, रात्री मात्र प्रत्येकाची जागा वेगळी लागते.

दिवसाचे खाणे कोंबडी स्वतःच मिळवते, तेही बरेचसे इतरांच्या जिवावर. झोडणीनंतर खळ्यात सांडलेले भात, गिरणीतली कणी व कोंडा, डोंगरउतारावरची नाचणी आणि वरी, आणि सर्वांत मोठे कोठार म्हणजे उकिरडा. शेणातल्या अळ्या-किड्यांतून तिला प्रथिने मिळतात, माश्याही कमी होतात. बसलेल्या गुरांच्या अंगावरच्या गोचिडीही ती टिपते. केनियात संशोधकांनी गुरांमध्ये चरलेल्या कोंबड्यांच्या पोटातल्या गोचिडी मोजल्या, तेव्हा काहींच्या पोटात त्या शेकड्यांनी निघाल्या. अर्थात गुरांवर गोचिडीचे औषध मारल्यावर ते सुकेपर्यंत कोंबड्या लांब ठेवाव्यात. जूनमध्ये भाताचा राब पेरला की त्यांच्या मोकळेपणाला काही दिवस लगाम बसतो. नुकते पेरलेले बी उकरून काढायला दोन कोंबड्या पुरतात, आणि शेजाऱ्याशी भांडण लागायला एक.

रात्र हा खरा कसोटीचा भाग. मुंगूस, रानमांजर, उदमांजर यांपैकी कोणीही बोटभर फटीचा फायदा घेते. धामण अंडी गिळते, पिल्लांना खाते. बिबट्याला कोंबडीपेक्षा अंगणातल्या कुत्र्यात आणि शेळीत रस असतो, म्हणून राखणीचा कुत्रा मोकळा ठेवला तरी शेळ्यांचे दार पक्के हवे. पिल्ले डालग्याखाली पडवीत, मोठे पक्षी खुराड्यात, ही जुनी वाटणी आजही टिकून आहे. खुराडे जमिनीपासून हातभर उंच, वरून पाणी न गळणारे पण बाजूंनी हवा खेळती राहील असे असावे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या भागात कोंबडी थंडीने मरत नाही, ओलीने मरते. गोठ्याच्या वाशांवर तिला रात्र काढू देणे सोयीचे वाटते, पण विष्ठा खालच्या गव्हाणीत पडते आणि म्हैस तो पेंढा हुंगून सोडून देते. शिवाय कोंबडीच्या पिसवा वाशांत ठाण मांडतात. त्यांवर चुलीची राख आणि कोरडी माती हा उपाय चांगला आहे. त्यात लोळण्यासाठी छपराखाली एक कोरडा कोपरा द्यावा.

कोंबड्या असल्या की विंचू राहत नाही, हा समज या भागात विशेष महत्त्वाचा ठरतो. लाल विंचवाचा दंश इथे जीवघेणा ठरत असे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून त्यातले मृत्यू मोठ्या प्रमाणात घटवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लाकूडफाटा किंवा गोवऱ्या उचलताना निघालेला विंचू कोंबडी मटकावते हे खरे. पण विंचू रात्री हिंडतो आणि कोंबडी तेव्हा खुराड्यात असते, त्यामुळे तिच्यावर विसंबून अंधारात अनवाणी फिरू नये.

शेळीपासून कोंबडीचे दाणे दूर ठेवावे लागतात. धान्याचा घमेलाभर खुराक एकदम खाल्ला तर शेळीच्या पोटात आम्ल वाढते, पोट फुगते, ती दगावूही शकते. विकतच्या कोंबडीखाद्यात रक्ती हगवण रोखण्यासाठी मिसळलेली काही औषधे कुत्र्याला बाधतात. ती हगवण स्वतः मात्र कोंबडीची शेळीला किंवा शेळीची कोंबडीला लागत नाही. दोघींचे परजीवी वेगळे. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस माणसाला, कुत्र्याला, गुरांनाही होतो. या हिशेबात मांजर उपयोगी, फक्त पिल्ले पंधरा-वीस दिवसांची होईपर्यंत तिच्यापासून जपावीत.

रोगांत सर्वांत घातक मानमोडी, म्हणजे राणीखेत. लस स्वस्त आहे, अडचण कुपीची. एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात, पातळ केल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते, आणि घरात पक्षी आठ. त्यामुळे एकट्या घराने लसीकरण करणे जमत नाही, सगळ्या वाडीने एका दिवशी कोंबड्या कोंडून ठेवाव्या लागतात. बाजारातून आणलेला पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवावा. गिरिराज, वनराज या सुधारित जाती अंडी जास्त देतात, पण सहसा खुडूक होत नाहीत आणि अंगाने जड असल्याने कुत्र्यापासून उडून निसटत नाहीत. एकवीस दिवस अंड्यांवर बसायला आणि घारीवर धावून जायला गावठीच लागते.

मेलेली कोंबडी कुत्र्या-मांजरापुढे टाकण्याची सवय धोक्याची आहे. २००६ मध्ये नवापूरला देशात प्रथम आढळलेला बर्ड फ्लू जानेवारी २०२५ मध्ये याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातील चिरनेरला आला. तो मांजरांनाही होतो. पेंढ्याच्या उडवीत कुजलेला पक्षी राहिला तर त्यातल्या विषाने गुरे लुळी पडू शकतात. मेलेला पक्षी चुना घालून खोल पुरावा, आणि एकाच वेळी बरेच पक्षी मेले तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

२२ जुलै २०२१ला महाडला आलेल्या महापुरासारख्या प्रसंगी गुरांचे दावे कापता येते, पण बंद खुराड्यातला पक्षी जागीच बुडतो. म्हणून पाणी चढू लागताच खुराड्याचे दार आधी उघडावे. केंद्राच्या २०२२–२६च्या आपत्ती निकषांनुसार दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, शेळीला ४,००० आणि कोंबडीला १०० रुपये मदत धरली होती. त्यातही कोंबड्यांसाठी कुटुंबामागे १०,००० रुपयांची मर्यादा होती. अंड्यावरची गावठी कोंबडी बाजारात या शंभर रुपयांच्या कित्येक पटीने विकली जाते.