सेमिनारमधला निबंध

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला निबंध लिहायला सांगितला की तो थोरांची मते गोळा करतो आणि एकापुढे एक मांडतो. आम्ही शिक्षक मग शुद्धलेखन तपासतो. हार्वर्डमध्ये १८८५ साली पहिल्या वर्षासाठी इंग्रजी लेखनाचा सक्तीचा अभ्यासक्रम आला, तेव्हाही बराच वेळ भाषेच्या चुका सुधारण्यात जात असे. चुका सुधारायलाच हव्यात. पण अभ्यासपूर्ण लेखन तेवढ्याने येत नाही. ते कशाने येते, हे पाहण्यासाठी एक जुना निबंध पुन्हा वाचावा.

सेमिनारची पद्धत जर्मन विद्यापीठांतून अमेरिकेत गेली. विद्यार्थ्याने आपले संशोधन लिहून आणायचे आणि जाणकारांपुढे वाचायचे, असे तिचे स्वरूप. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. ते १९१५ मध्येच एम.ए. झाले होते; तरी नवख्याने शिकावी अशीच त्या निबंधाची बांधणी आहे.

आंबेडकर आधी पूर्वसूरींच्या व्याख्या समोर ठेवतात. सेनार विटाळाच्या कल्पनेवर भर देतात; आंबेडकरांच्या मते ते जातीचे मूळ लक्षण नव्हे. नेसफिल्ड बाहेरच्यांशी रोटीव्यवहार नसणे हे लक्षण मानतात. आंबेडकर म्हणतात, तो परिणाम आहे, कारण नव्हे. श्रीधर व्यंकटेश केतकर दोन लक्षणे सांगतात : जन्माने मिळणारे सदस्यत्व आणि जातीबाहेरच्या विवाहाला बंदी. केतकरांचे श्रेय मान्य करूनच आंबेडकर दाखवतात की ही लक्षणे वस्तुतः एकच. बेटीबंदी आली की सदस्यत्व आपोआप जन्मावर ठरते. मगच त्यांचा स्वतःचा सिद्धान्त येतो : अंतर्विवाह हेच जातीचे सार. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांचा उलगडा ते त्यावरून करतात. अखेरीस, हे मत तर्कावर टिकले नाही तर ते सोडण्याची तयारीही दाखवतात.

ज्यांनी जात स्वतः भोगली, त्यांनी हा वाद व्याख्येच्या भूमीवर आणला. त्यामुळे प्रतिवाद करायचा तर तोही तेथेच उभे राहून करावा लागतो. मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आलेला हा निबंध आजही वाचला जातो.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून सिद्धान्ताची अपेक्षा आम्ही करीत नाही. पण ‘या तिघांपैकी कोणाचे कोठे अडते?’ एवढा प्रश्न त्याला पहिल्याच सत्रात विचारता येईल.