शितावरून भात : नमुन्याच्या हिशोबाचा इतिहास



शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. लग्नघरी देगीपाशी उभा असलेला बावर्ची चार दाणे बोटांत चिरडतो आणि दीडशे माणसांच्या जेवणाचा निकाल देतो. त्याच्या या आत्मविश्वासामागे दोन अटी दडलेल्या असतात. पहिली अट अशी की, दाणे देगीत सगळीकडून यावेत, नुसते वरवरचे नसावेत. दुसरी अट अशी की, चार दाणे जेवढे सांगू शकतात तेवढेच त्याने बोलावे, त्याहून अधिक नाही. पहिली अट जगाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दुसरीचा नेमका हिशोब मात्र १९३४ साली मांडला गेला. त्या हिशोबाला ‘विश्वास-अंतराल’ म्हणतात; इंग्रजी पुस्तकांत त्यालाच ‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’ असे नाव आहे. आपल्या समाजाविषयी जे आकडे रोज वर्तमानपत्रांत येतात, त्यांतील पुष्कळसे अशा शितांवरूनच काढलेले असतात. म्हणून हा विषय केवळ गणिताच्या शिक्षकांवर सोडून चालणार नाही.

थोडे मागे जाऊ. नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदीने गुप्त लिपी उलगडण्याची एक युक्ती लिहून ठेवली. भाषेत कोणते अक्षर किती प्रमाणात येते ते मोजायचे आणि त्या प्रमाणाशी गुप्त मजकुरातील चिन्हे ताडून पाहायची. पुढे इब्न अदलान (११८७–१२६८) याने एक व्यवहारी प्रश्न विचारला : मजकूर किती मोठा असला म्हणजे हे प्रमाण भरवशाचे समजावे? त्याचे उत्तर असे की, निदान ९० अक्षरे तरी हवीत, म्हणजे वर्णमालेतील अक्षरांना सरासरीने तीन-तीन फेऱ्या मिळतात. याला आजच्या अर्थाने विश्वास-अंतराल म्हणणे ही अतिशयोक्ती होईल, आणि पूर्वजांच्या कौतुकात आपण तशी अतिशयोक्ती वारंवार करतो. तथापि ‘नमुना लहान असेल तर प्रमाण फसवते’ ही जाण तेथे स्पष्ट आहे.

यानंतर एकदम विसाव्या शतकात यावे लागते. इटलीत १९२१च्या शिरगणतीचे कागद जपून ठेवायला जागा पुरेना. जिनी आणि गाल्वानी या दोन विद्वानांनी देशाच्या २१४ विभागांपैकी २९ विभाग विचारपूर्वक निवडले. सात बाबतींत त्यांची सरासरी देशाच्या सरासरीशी जुळेल, अशी ती निवड होती. त्या सात बाबी जुळल्या. पण इतर बाबी तपासल्या तेव्हा हिशोब कोसळला. ‘आपला तालुका कसा आहे ते पाहायचे तर अमुक गाव पाहा, ते अगदी प्रातिनिधिक आहे,’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपणही तीच चूक करीत असतो.

जर्झी नेमन हा पोलिश गणिती तेव्हा वॉर्सात कामगारांच्या पाहणीच्या प्रश्नावर काम करीत होता. १९३४ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्याने दाखवून दिले की निवड माणसाच्या शहाणपणावर न सोडता चिठ्ठीवर सोडावी. चिठ्ठीने काढलेल्या नमुन्याबद्दल एक गोष्ट नेमकी सांगता येते, ती म्हणजे चूक किती होऊ शकेल. सभेत बोली नावाच्या जाणत्या संख्याशास्त्रज्ञाने शंका काढली की हा ‘विश्वास’ म्हणजे विश्वासात घेऊन फसवण्याची युक्ती तर नव्हे ना! शंका अगदीच पोकळ नव्हती, कारण या शब्दाचा अर्थ आजही बहुतेक लोक चुकीचा लावतात.

तो अर्थ नीट समजून घेऊ. समजा बोर धरणाच्या पाण्यात एक मासा एका जागी निश्चल आहे. तो कोठे आहे ते आपल्याला दिसत नाही. आपण जाळे फेकतो. मासा जागचा हलत नाही; दर फेकीला जाळे मात्र वेगळ्या ठिकाणी पडते. जाळे असे विणले आहे की शंभर फेकींपैकी सुमारे ९५ वेळा मासा त्यात यावा. येथे मासा म्हणजे खरे प्रमाण आणि जाळे म्हणजे नमुन्यावरून काढलेले अंतराल. ९५ हा आकडा जाळ्याच्या विणीचा आहे, एका फेकीचा नाही. एकदा जाळे पडले की मासा त्यात असतो किंवा नसतो. ‘खरे प्रमाण या दोन आकड्यांच्या मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के’ असे विद्यार्थी लिहितात. ‘ज्या रीतीने हे दोन आकडे काढले, ती रीत शंभरात सुमारे ९५ वेळा खऱ्या प्रमाणाला गाठते’ असे त्यांनी लिहावयास हवे. आणि ‘९५ टक्के लोक या दोन आकड्यांच्या मध्ये आहेत’ असे कोणी लिहिले तर ते निव्वळ चूक आहे.

१९३७च्या ऑक्टोबरात आपल्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हाताच्या कामातून शिक्षण देण्याची योजना मांडली. त्या योजनेवर मतभेद पुष्कळ झाले, आपल्या समाजात तर विशेषच. पण हा धडा तरी हाताने शिकवल्यावाचून समजत नाही, हे कोणताही शिक्षक कबूल करील. एका डब्यात तुरीचे हजार दाणे घ्या. त्यांतील ६०० निळीच्या पाण्यात रंगवून वाळवा. तुरीत हरभरा मिसळू नका, कारण डबा हलवला की मोठा दाणा वर येतो आणि नमुना बिघडतो. वर्गातील वीस मुलांनी पाळीपाळीने डबा चांगला हलवून, डोळे मिटून, शंभर-शंभर दाणे काढावेत, निळे मोजावेत आणि परत टाकावेत. मग हिशोब असा : निळ्यांचे टक्के गुणिले बाकीचे टक्के, भागिले काढलेले दाणे, त्याचे वर्गमूळ, त्याची दुप्पट. एखाद्याला ५४ निळे मिळाले, तर ५४ गुणिले ४६ म्हणजे २४८४. शंभराने भागून वर्गमूळ सुमारे ५, दुप्पट १०. त्याचे अंतराल ४४ ते ६४. खरे ६० त्यात आले. दुसऱ्याला ७१ मिळाले, तर त्याचे अंतराल ६२ ते ८०, ६० निसटले. त्या मुलाने चूक केलेली नाही, हे वर्गाला आवर्जून सांगावे. विसांत एखाद्याचे जाळे रिकामे यायचेच, आणि बाहेरच्या जगात आपले जाळे कोणते हे कळण्याची सोय नसते.

नेमनच्या हाताखाली लंडनमध्ये शिकलेल्यांत एक मराठी तरुण होता, ही गोष्ट आपल्या मुलांना फारशी माहीत नसते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे ते तरुण. १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, १९३६ साली लंडनची डॉक्टरेट. १९४० साली ते शेती संशोधन परिषदेत आले आणि त्यांनी हे शास्त्र शेतात उतरवले. त्याआधी पीक किती येणार हे आणेवारीने ठरत असे. पटवारी बांधावर उभा राहून नजरेने सांगे की पीक इतके आणे आहे, आणि त्यावर सारा अवलंबून असल्याने नजर कोणत्या बाजूला झुकेल ते सांगणे कठीण. नव्या रीतीत गाव चिठ्ठीने, शेत चिठ्ठीने आणि शेतातील तुकडाही चिठ्ठीने ठरू लागला. तेवढ्याच तुकड्यावरचे पीक कापून तोलायचे.

कापसाच्या बाबतीत हे काम विनायक गोविंद पानसे यांनी पुढे नेले. आपल्या शेजारच्या वऱ्हाडातील कपाशी त्या प्रयोगांचे एक मुख्य क्षेत्र होती. गहू एकदा कापला की संपला. कपाशीची वेचणी मात्र तीन-चार वेळा होते. तेव्हा त्याच तुकड्यावर, त्याच खुंट्यांच्या आत, पुन्हा पुन्हा जावे लागे. येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात आली. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न नेहमी जास्त भरते. कारण माणसाचा हात! रेघेवरचे झाड आत धरावे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणारा ते आत धरतो. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने कड अधिक, म्हणून चूकही अधिक. सुखात्मे यांनी १९४६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे मांडले. बंगालमध्ये लहान तुकड्यांवर काम करणाऱ्या प्रा. महालनोबिस यांच्याशी त्यांचा या प्रश्नावर मोठा वाद झाला. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे की अशी चूक कोणत्याही अंतरालात दिसत नाही. अंतराल फक्त चिठ्ठीच्या नशिबाचा हिशोब देते, हाताच्या ओढीचा देत नाही. चूक एकाच बाजूला असेल, तर नमुना दसपट केल्याने आपण चुकीच्या आकड्याविषयी अधिकच निःशंक होतो, एवढेच.

हिंगणीच्या वाचकांना घराजवळचेच एक उदाहरण देतो. बोरचे जंगल १९७० साली अभयारण्य आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले. वाघ मोजण्याची जुनी रीत पावलांच्या ठशांची होती आणि तीत एकच नेमका आकडा मिळत असे. २००५ साली राजस्थानच्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. कागदावर मात्र ते होते. त्यानंतर कॅमेरे आणि नमुना पद्धत आली. २०१८च्या गणनेत देशातील वाघ २९६७ सांगितले, आणि सोबत मर्यादा दिली : २६०३ ते ३३४६. २०२२च्या गणनेचा आकडा २०२३च्या एप्रिलमध्ये निदान ३१६७ असा जाहीर झाला आणि जुलैमध्ये ३६८२. पुष्कळांना वाटले की तीन महिन्यांत पाचशे वाघ जन्मले. वस्तुतः पहिली खालची मर्यादा होती आणि दुसरा मधला अंदाज. वरची मर्यादा ३९२५ होती. अशा मर्यादा नेहमी ९५ टक्क्यांच्याच असतात असे नाही. कोणत्या आहेत ते अहवालात पाहावे लागते. दोन टोके असलेला आकडा जुन्या नेमक्या आकड्यापेक्षा दुबळा दिसतो, पण जंगलात उपयोगी पडतो तो हाच.

आता आपल्या घरचा आकडा. मुसलमानांची मुले मदरशातच शिकतात, असा समज देशात खोलवर रुजला होता. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी सुमारे ३ टक्केच आहेत, असे त्यात निघाले. हा आकडाही नमुन्यांवरूनच आलेला. समजा खरे प्रमाण त्याच्या दुप्पट निघाले, तरी शंभरात चौऱ्याण्णव मुले मदरशाबाहेर राहतात, आणि जुना समज कोणत्याही अंतरालात बसत नाही. समितीने मक्तब आणि मदरसा यांत फरक केला, हेही महत्त्वाचे. सकाळी मक्तबात सिपारा वाचून दहा वाजता शाळेत जाणारे मूल मदरशाचे धरले, तर ती रेघेवरच्या झाडाचीच चूक झाली.

पण हाच आकडा घेऊन ‘आमच्या हिंगणीतही ३ टक्केच’ असे आपण म्हणू लागलो, तर ते चुकेल. देशाचा नमुना गावाविषयी बोलत नाही. गावाचे जाणून घ्यायचे तर गावात फिरावे लागेल, आणि जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात विचारून भागणार नाही. जे त्या दिवशी आले, तेवढ्यांचेच उत्तर मिळेल, आणि बायकांचे मुळीच नाही.

समजा तुम्हाला पाहायचे आहे की दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबले अशी घरे किती. चिठ्ठ्या टाकून मोठ्या यादीतून २५ घरे काढली आणि त्यांपैकी १०, म्हणजे ४० टक्के, तशी निघाली. ४० गुणिले ६० म्हणजे २४००. २५ ने भागून ९६. वर्गमूळ १० च्या थोडे खाली. दुप्पट सुमारे २०. तुमचे अंतराल २० ते ६० टक्के. एवढ्या रुंद जाळ्यावर वसतिगृह बांधण्याचा निर्णय घेता येत नाही. रुंदी निम्मी करायची तर घरे चौपट, म्हणजे १०० घ्यावी लागतील. आणि मोहल्ल्यात सगळी मिळून साठच घरे असतील तर चिठ्ठ्या टाकूच नका. दोन मुली आणि एक वही घेऊन निघालात तर एका रविवारी साठही घरे पायी होतात.